राखीव भूमी आणि ऊर्जेची निकड : अलास्का व सातपुडा येथील दोन वादांचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

संरक्षित वनभूमीतून मिळू शकणारी ऊर्जा काढावी की ती भूमी आहे तशी राखावी, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांपुढे उभा राहिलेला प्रश्न होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे अलास्का राज्यातील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात तेलविहिरी खणण्याविषयीचा वाद. खानदेशात असा वाद तेलावरून झाला नाही. तो नर्मदेच्या पाण्यापासून निर्माण होणाऱ्या विजेवरून झाला आणि त्याची किंमत सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या वनांनी व गावांनी मोजली. हे दोन्ही तालुके १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

या दोन वादांची तुलना करण्यास एक ऐतिहासिक आधार आहे. दोन्ही ठिकाणच्या वनभूमीचे भवितव्य ज्या कायद्यांनी ठरले, ते एकाच वर्षी, १९८० च्या डिसेंबर महिन्यात अस्तित्वात आले. अलास्कातील भूमीविषयीच्या कायद्यावर २ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची स्वाक्षरी झाली. भारताचा वन (संवर्धन) अधिनियम २७ डिसेंबर १९८० रोजी संमत झाला. तत्पूर्वी २५ ऑक्टोबरपासून त्याचा अध्यादेश अंमलात होता. दोन्ही कायद्यांनी वनभूमीच्या अन्य वापरास कायमची बंदी घातली नाही. दोहोंनीही एक दार ठेवले आणि त्याची किल्ली केंद्रीय सत्तेकडे सोपविली. मात्र ते दार कोणत्या क्रमाने उघडावे, याबाबत दोन्हींत मोठा फरक होता. माहिती आधी आणि मान्यता नंतर, की मान्यता आधी आणि माहिती नंतर, या क्रमावर वनभूमीचे प्रत्यक्ष संरक्षण किती अवलंबून असते, हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आर्क्टिकमधील वाद

अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यातील हा प्रदेश ६ डिसेंबर १९६० रोजी वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आला. त्यानंतर ८ वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच्या पश्चिमेस प्रुडो बे येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल-उत्पादक अरब राष्ट्रांनी पुरवठा रोखला, किमती भडकल्या आणि त्याच वर्षी अलास्का ओलांडून जाणाऱ्या तेलवाहिनीस अमेरिकी काँग्रेसने मान्यता दिली. १९७७ मध्ये ती वाहिनी सुरू झाली. तेलटंचाईच्या या वातावरणात १९८० चा कायदा झाला. त्याने आश्रयस्थानाचे क्षेत्र सुमारे १ कोटी ९० लाख एकरांपर्यंत वाढविले; परंतु समुद्रकाठच्या सुमारे १५ लाख एकरांच्या मैदानाचा निर्णय राखून ठेवला. कायद्याच्या कलम १००२ ने या मैदानातील वन्यजीवांचा व संभाव्य तेलाचा अभ्यास करण्याचा आदेश दिला, तर कलम १००३ ने काँग्रेस स्वतंत्र कायदा करीपर्यंत तेथे तेल काढण्यास मनाई केली.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने (हे खाते तेथे सार्वजनिक जमिनी सांभाळते) अभ्यासाचा अहवाल सादर करून मैदान तेलासाठी खुले करण्याची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ या जहाजातून अलास्काच्या समुद्रात तेल सांडले आणि लोकमत बदलले. १९९५ मध्ये अर्थसंकल्पीय विधेयकात घातलेली खननाची तरतूद राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या नकाराधिकारामुळे टळली. डिसेंबर २००५ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकास जोडलेली तशीच तरतूद सिनेटमध्ये चर्चा संपविण्यास आवश्यक असलेली ६० मते न मिळाल्याने गळाली. अखेरीस डिसेंबर २०१७ मध्ये करविषयक कायद्यातून हे मैदान भाडेपट्ट्यांसाठी खुले झाले.

पुढील घटना उद्बोधक आहेत. ज्या तेलासाठी चार दशके वाद चालला, त्याच्या जानेवारी २०२१ मधील पहिल्या लिलावाकडे मोठ्या तेल कंपन्यांनी पाठ फिरविली. बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच एका वित्तीय संस्थेने घेतले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. त्याच वर्षी नव्या कायद्याने आणखी लिलाव घेणे बंधनकारक केले. वाद संपलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या वादात स्थानिकांचा आवाज एकच नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. कॅरिबू हरणांच्या कळपावर उपजीविका असलेले ग्विचिन लोक खननाच्या विरोधात राहिले. मैदानातच वसलेल्या काक्टोविक गावातील अनेक इनुपियाट लोकांनी मात्र शाळा, दवाखाने व रोजगार यांसाठी तेलाचे उत्पन्न हवे, अशी भूमिका घेतली.

सातपुड्यातील ‘राखीव’ वन

सातपुड्याच्या वायव्य टोकाचा, नर्मदेकडे उतरणारा प्रदेश इंग्रजी अंमलात खानदेश जिल्ह्याचा व १९०६ मधील विभाजनानंतर पश्चिम खानदेशचा भाग होता. भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. १८१८ नंतर कंपनी सरकारला या डोंगराळ प्रदेशावर ताबा मिळविणे सोपे गेले नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्या हाताखाली उभारलेली भिल्ल पलटण ही त्याच प्रयत्नाची निष्पत्ती होती. अक्कलकुवा-तळोदा भागात काठी, सिंगपूर, गव्हाळी, चिखली यांसारख्या मेवासी प्रमुखांच्या जहागिरी दीर्घकाळ टिकल्या. तळोदा येथील वनविभागाच्या ‘मेवासी’ या नावात ती आठवण आजही शिल्लक आहे.

१८६० च्या दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला आणि लाकडाची मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने वनांची ‘राखीव’ व ‘संरक्षित’ अशी प्रतवारी केली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हीच रचना कायम ठेवली. यांतील ‘राखीव’ हा शब्द नीट समजून घेणे आवश्यक आहे. हे वन कोणापासून राखले आणि कोणासाठी राखले, असे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत. कायद्याने ते गुरे चारणाऱ्या, लाकूडफाटा नेणाऱ्या व डोंगरउतारावर पेरणी करणाऱ्या रहिवाशांपासून राखले आणि राज्यसंस्थेच्या पुढील गरजेसाठी राखले. रेल्वे, जहाजबांधणी वा युद्ध यांची गरज निर्माण झाली की तेच वन तोडण्यास खुले होते. स्वातंत्र्यानंतर गरजेचे नाव बदलले. रचना तीच राहिली.

वसाहतकालीन व्यवस्थेचा आणखी एक परिणाम पुढे निर्णायक ठरला. अक्राणीच्या अनेक गावांत जमिनीची मोजणी व महसुली नोंद झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबाच्या नावावर सातबारा नव्हता. वनखात्याच्या दप्तरी ते अतिक्रमणदार होते. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान हिशेबात धरणे कठीण, हा शासकीय व्यवहाराचा नियम येथे फार महागात पडला.

१९६९ मध्ये सातपुड्याच्याच पूर्वेकडील भागात, जळगाव जिल्ह्यात, यावल अभयारण्य स्थापन झाले. अक्राणीच्या वनांना तो दर्जा मिळाला नव्हता; ती केवळ राखीव वने होती. नदीपलीकडे गुजरातेत मात्र शूलपाणेश्वर अभयारण्याची निर्मिती झाली. एकाच डोंगररांगेतील आणि एकाच नदीखोऱ्यातील वनांचा कायदेशीर दर्जा अशा रीतीने प्रशासकीय सोयीनुसार वेगवेगळा राहिला.

जलसिंधी ते नवागाम : महाराष्ट्राचा ऊर्जाहेतू

नर्मदेचा महाराष्ट्राशी संबंध अल्प लांबीचा आहे. ती राज्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. तिच्या पाण्याचा सिंचनासाठी फारसा उपयोग महाराष्ट्राला होण्यासारखा नव्हता. आकर्षण होते ते जलविद्युतेचे. १९६३ मध्ये गुजरात व मध्य प्रदेश यांच्यात झालेला भोपाळ करार मध्य प्रदेशाने पुढे मान्य केला नाही. त्यानंतर १९६५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांनी नर्मदेवर जलसिंधी येथे संयुक्त वीजप्रकल्प उभारण्याचे ठरविले. परंतु गुजरातेने नवागाम येथे उंच धरण बांधल्यास जलसिंधीची जागाच पाण्याखाली जाणार होती. हा तंटा ऑक्टोबर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या नर्मदा जलविवाद लवादापुढे गेला.

लवादाचे काम १० वर्षे चालले. या दशकातच तेलाच्या किमतींनी भारताच्या परकीय चलनाच्या गंगाजळीवर आघात केला. १९७४ मध्ये मुंबईजवळील समुद्रात ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले, तरी देशांतर्गत कोळसा व जलविद्युत यांवर भर देण्याचे धोरण दृढ झाले. डिसेंबर १९७९ मध्ये लवादाचा अंतिम निवाडा प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसरे तेलसंकट चालू होते. निवाड्याने धरणाची पूर्ण जलसाठ्याची पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, निश्चित केली. वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट मानून त्यातील १८.२५ मध्य प्रदेशास, ९ गुजरातेस, ०.५ राजस्थानास आणि ०.२५ महाराष्ट्रास मिळाले. विजेच्या वाटणीत मध्य प्रदेशाचा हिस्सा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ टक्के आणि गुजरातेचा १६ टक्के ठरला. म्हणजेच महाराष्ट्राला पाण्यात १ टक्क्याहून कमी वाटा होता. त्याचा या प्रकल्पातील सहभाग जवळजवळ सर्वस्वी ऊर्जेसाठी होता. म्हणूनच खानदेशच्या बाजूने पाहिल्यास सरदार सरोवर हा सिंचनापेक्षा ऊर्जाधोरणाचा विषय ठरतो.

विस्थापितांच्या दृष्टीने हा निवाडा त्या काळाच्या मानाने पुढचा होता. २५ टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदारास किमान २ हेक्टर सिंचनक्षम जमीन, सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा आणि बुडितापूर्वी पुनर्वसन, अशा तरतुदी त्यात होत्या. पण ‘खातेदार’ या शब्दातच अक्राणीची अडचण होती. नोंद नसलेल्या कसणाऱ्याला या तरतुदीचा लाभ आपोआप मिळत नव्हता.

१९८७ ची मान्यता

निवाडा झाल्यानंतर एका वर्षात वन (संवर्धन) अधिनियम आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला होताच. नव्या कायद्याच्या कलम २ नुसार केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेखेरीज राखीव वनाचा दर्जा काढणे वा वनभूमी वनेतर कामासाठी वापरणे राज्यांना शक्य राहिले नाही. हा कायदा भारतीय वनांच्या दृष्टीने उपकारक ठरला, यात शंका नाही. राज्यांकडून चाललेल्या वनभूमीच्या मुक्त वाटपास त्याने आळा घातला. मात्र केंद्राने मान्यता देण्यापूर्वी काय माहिती हाती असावी आणि त्या माहितीवर जाहीर चर्चा कोठे व्हावी, याविषयी कायदा मौन होता. निर्णय सल्लागार समितीच्या मतानंतर फाइलीवर होणार होता.

सरदार सरोवरासाठी पर्यावरणीय मान्यता २४ जून १९८७ रोजी व वनभूमीसंबंधीची मान्यता ८ सप्टेंबर १९८७ रोजी देण्यात आली. एकूण १३,३८५.४५ हेक्टर वनभूमी वळती करण्यात आली. तीपैकी ६,४८८.५४ हेक्टर महाराष्ट्रातील, ४,१६५.९१ हेक्टर गुजरातेतील व २,७३१ हेक्टर मध्य प्रदेशातील होती. हे आकडे वाटपाच्या आकड्यांशेजारी ठेवले असता त्यांचा अर्थ उघड होतो. जवळजवळ निम्मे वन महाराष्ट्राने, म्हणजे खानदेशने, दिले. त्याच्या वाट्यास विजेचा सुमारे चौथा हिस्सा आणि पाण्याचा नगण्य अंश आला.

या मान्यतेचे खरे वैशिष्ट्य तिच्या अटींत आहे. पाणलोट क्षेत्राची सुधारणा, वनस्पती व प्राणी यांची पाहणी, आरोग्यविषयक परिणाम, पुनर्वसनाचा आराखडा इत्यादी अभ्यास त्या वेळी पूर्ण झालेले नव्हते. ते पुढे, ठरावीक मुदतीत, बांधकामाबरोबरच पूर्ण करावेत, असे ठरले. बांधकाम व उपाययोजना समांतर चालाव्यात, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. १९८८ मध्ये नियोजन आयोगाने ६,४०६ कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. जागतिक बँकेने १९८५ मध्येच ४५ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले होते. पैसा आधी, मान्यता त्यानंतर आणि माहिती सर्वांत शेवटी, असा हा क्रम होता.

नर्मदाकाठच्या ३३ गावांना, अक्राणीतील २४ व अक्कलकुव्यातील ९, या क्रमाचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवास आला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून येथे विस्थापितांची संघटना उभी राहू लागली. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाओ आंदोलनाच्या उभारणीत या गावांचा मोठा वाटा आहे. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे महाराष्ट्रातील बुडिताखाली येणारे पहिले गाव. ते या लढ्याचे प्रतीक बनले. अलास्काप्रमाणे येथेही सर्वांचे मत एक नव्हते. मणिबेलीतील काही कुटुंबांनी गुजरातेत परवेटा येथे जाणे स्वीकारले. काहींनी गाव सोडण्यास नकार दिला. जाणाऱ्यांना कमकुवत किंवा राहणाऱ्यांना अडवणूक करणारे ठरविणे हे दोन्ही निष्कर्ष इतिहासाला धरून नाहीत. ज्यांना पर्यायांची पूर्ण माहितीच दिली गेली नव्हती, त्यांनी आपापल्या परीने केलेल्या त्या निवडी होत्या.

तळोद्याचे वन

धरणाने बुडविलेल्या वनाची चर्चा बरीच झाली. पुनर्वसनासाठी तोडलेल्या वनाची त्या मानाने कमी झाली. गुजरातेत जाण्यास तयार नसलेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात जमीन देणे राज्यावर बंधनकारक होते. तळोदा तालुक्यातील राखीव वनाचा भाग त्यासाठी निवडण्यात आला. १९९० मध्ये व पुन्हा १९९४ मध्ये केंद्राच्या मान्यतेने ही वनभूमी मोकळी करण्यात आली. एकूण क्षेत्र सुमारे ४,२०० हेक्टर होते. सोमावल, रोझवा आदी पुनर्वसन वसाहती येथे उभ्या राहिल्या.

या निर्णयात दोन विसंगती होत्या. एका वनाच्या बुडिताची भरपाई म्हणून दुसरे वन गेले. शिवाय तळोद्याचे हे वनही निर्जन नव्हते. आसपासच्या गावांतील आदिवासी तेथे गुरे चारीत व काही जण जमीन कसत. त्यामुळे डोंगरातून उतरलेले विस्थापित आणि पायथ्याचे भूमिहीन असे एकाच समाजातील दोन गट परस्परांसमोर उभे राहिले. वनभूमीच्या वापरबदलाचा परिणाम मान्यतेच्या पत्रात नमूद केलेल्या हेक्टरांवर थांबत नाही, हे तळोद्याच्या उदाहरणावरून दिसते.

बँकेची माघार व न्यायालयाचा निर्णय

आंदोलनाच्या दबावामुळे जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिचा अहवाल जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष असल्याचे आणि मूलभूत माहितीच जमविली गेली नसल्याचे तिने स्पष्ट केले. नोंद नसलेल्या कसणाऱ्यांचा प्रश्नही तिने ऐरणीवर आणला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. बांधकाम मात्र चालू राहिले. १९९४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ पासून काही वर्षे धरणाची उंची वाढविणे थांबले.

१८ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला. न्या. बी. एन. किरपाल व न्या. ए. एस. आनंद यांच्या बहुमताने १९८७ ची मान्यता वैध ठरविली व टप्प्याटप्प्याने बांधकामास परवानगी दिली. आव्हान देण्यास झालेला विलंब आणि प्रकल्पाचे लाभ यांना बहुमताने महत्त्व दिले. न्या. एस. पी. भरुचा यांच्या भिन्नमत निकालाचा गाभा वेगळा होता. आवश्यक अभ्यास हाती नसताना दिलेली पर्यावरणीय मान्यता ही कायद्याला अभिप्रेत असलेली मान्यताच नव्हे, तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत काम थांबवावे, असे त्यांचे म्हणणे होते. धरण हवे की नको हा प्रश्न त्यांनी सोडविला नाही. ठरविण्याचा क्रम कोणता असावा, एवढेच त्यांनी सांगितले. या वादाचा इतिहास लिहिताना हे मत दुर्लक्षून चालणार नाही.

पुढे २०१४ मध्ये दरवाजे बसविण्यास परवानगी मिळाली, सप्टेंबर २०१७ मध्ये प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

वीज किती आणि कोणासाठी

सरदार सरोवराची स्थापित वीजक्षमता १,४५० मेगावॅट आहे : नदीपात्रातील वीजगृहाची १,२०० व कालव्यावरील वीजगृहाची २५०. ही वीजगृहे २००४ ते २००६ या काळात कार्यान्वित झाली. महाराष्ट्राचा २७ टक्के हिस्सा म्हणजे क्षमतेच्या हिशेबाने सुमारे ३९० मेगावॅट. प्रत्यक्ष वीज पाण्याच्या उपलब्धतेवर ठरते. शिवाय वरच्या खोऱ्यातील वापर व कालव्यातील विसर्ग जसजसा वाढेल तसतसे नदीपात्रातील वीजगृहास मिळणारे पाणी घटणार, हे प्रकल्पाच्या आखणीतच गृहीत होते.

ही वीज आली त्या काळात महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता आणि राज्याची मागणी व पुरवठा यांतील तूट हजारो मेगावॅटची होती. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या गिरणाकाठच्या तालुक्यांतील कापूस व केळी उत्पादकांना रात्री-अपरात्री विहिरीवरील पंप चालू करण्यासाठी जागावे लागे. त्यांची विजेची गरज खरी होती. ती चैन म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. मात्र याच काळात अक्राणीतील अनेक पाड्यांवर विजेचा दिवा पोहोचला नव्हता. खानदेशच्या मैदानास वीज हवी होती आणि खानदेशच्या डोंगराने त्यासाठी वन दिले. पण या दोहोंना एकत्र बसवून हिशेब मांडणारे व्यासपीठ कोठेही नव्हते.

अलास्कातील आकडेही असेच सावधपणे वाचावे लागतात. १९९८ मध्ये अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाने त्या मैदानातील व लगतच्या क्षेत्रातील तंत्रदृष्ट्या काढता येण्याजोग्या तेलाचा मध्यम अंदाज १,०४० कोटी बॅरल इतका वर्तविला. त्या काळातील अमेरिकेचा खप दररोज सुमारे २ कोटी बॅरल होता; म्हणजे सर्व साठा सुमारे दीड वर्षाच्या एकूण खपाइतका. विरोधकांनी या गुणोत्तरावर भर दिला. समर्थकांचे उत्तर असे की, हे तेल एकदम न निघता कित्येक दशके निघेल व आयात कमी करील. दोन्ही विधाने खरी आहेत. एखाद्या स्रोतास ‘थोडा’ वा ‘पुष्कळ’ म्हणणे हे कशाशी तुलना केली यावर अवलंबून असते. म्हणून केवळ आकड्यांच्या बळावर असे वाद सुटत नाहीत.

तुलना

दोन्ही इतिहासांत साम्ये अनेक आहेत : तेलसंकटाची पार्श्वभूमी, १९८० चे कायदे, स्थानिकांतील मतभेद आणि दूरच्या ग्राहकाच्या गरजेचा युक्तिवाद. फरक क्रमाचा व स्थळाचा आहे. अमेरिकी कायद्याने अभ्यास आधी सांगितला आणि निर्णय विधिमंडळाच्या उघड मतदानावर सोपविला. त्यामुळे १९८० ते २०१७ अशी ३७ वर्षे प्रत्येक प्रयत्न जनतेसमोर झाला, प्रत्येक प्रतिनिधीला आपले मत नोंदवावे लागले. भारतीय कायद्याने निर्णय कार्यकारी शासनाकडे दिला आणि अभ्यासाचा क्रम मोकळा सोडला. तेथे ३७ वर्षे टिकलेले दार येथे ७ वर्षांत उघडले.

याचा अर्थ अमेरिकी पद्धती निर्दोष आहे असा नाही. २०१७ मध्ये करविषयक विधेयकाचा आडमार्ग वापरून साध्या बहुमताने निर्णय झाला. म्हणजे उघड चर्चेची अट तेथेही टाळता येते. तसेच कार्यकारी शासनाचा निर्णय नेहमी वनाच्या विरोधात जातो असेही नाही. २००९-१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या लोहारा येथील कोळसा खाणीचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नामंजूर केला. पण तो निर्णयही त्या वेळच्या मंत्रालयाच्या भूमिकेवर अवलंबून होता. २०१० मध्ये ९ कोळसा क्षेत्रांत खाणीस योग्य व अयोग्य वने ठरविण्याचा प्रयत्न झाला; तोही धोरण म्हणून टिकला नाही. व्यक्तीच्या निर्णयाने मिळालेले संरक्षण व्यक्तीबरोबर जाते.

क्रमाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या हक्काची नोंद करण्याचा मार्ग खुला केला आणि २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनभूमी वळविण्यापूर्वी ग्रामसभेच्या संमतीची अट घातली. अक्राणीत १९८७ मध्ये जे नव्हते, ते यामुळे प्रथमच कागदावर आले. परंतु २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी हक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मान्यतेनंतरच्या टप्प्यात राज्यांकडे सरकविली. २०२३ च्या दुरुस्तीने मूळ कायद्याचे नाव बदलले व काही प्रकारच्या भूमी त्याच्या कक्षेबाहेर काढल्या. मान्यता आधी, पूर्तता नंतर, हा १९८७ चाच क्रम वेगळ्या शब्दांत परत आला आहे.

ऊर्जेचा प्रकार बदलल्याने हा प्रश्न आपोआप मिटत नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात वनभूमीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा ती जमीन कसणाऱ्या आदिवासींनी आक्षेप घेतलाच. वारा व सूर्य यांपासून मिळणारी वीज हवेत धूर सोडत नाही. तिला जमीन मात्र लागते.

समारोप

सातपुड्यातील व आर्क्टिकमधील वाद सामान्यतः ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ या साच्यात मांडले जातात. हा साचा उपयोगी असला तरी अपुरा आहे. गिरणाकाठच्या शेतकऱ्याची विजेची गरज आणि नर्मदाकाठच्या पावरा कुटुंबाचे घर यांपैकी एकाची निवड करण्यास तो भाग पाडतो. इतिहास मात्र वेगळा प्रश्न पुढे करतो : निर्णय घेताना काय ठाऊक होते, कोणाला ठाऊक होते आणि ते कोठे मांडले गेले? १९८७ मध्ये नोंद नसलेले कसणारे, अपूर्ण पाहण्या आणि तळोद्याच्या वनाची पुढे द्यावी लागलेली किंमत यांतील काहीही निर्णयाच्या वेळी पुरेसे तपासले गेले नव्हते. ते तपासूनही कदाचित धरण झाले असते. परंतु मग त्याची किंमत आधी जाहीर झाली असती आणि ती कोणी द्यावयाची यावर वाटाघाट शक्य झाली असती.

नर्मदा लवादाच्या निवाड्यातील पाणीवाटपासह काही तरतुदींचा ४५ वर्षांनंतर फेरविचार करता येईल, असे निवाड्यातच नमूद आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. असा फेरविचार झाल्यास महाराष्ट्राने केवळ आपल्या विजेच्या युनिटांचा हिशेब मांडणे पुरेसे होणार नाही. ६,४८८.५४ हेक्टर वन, तळोद्याची तोडलेली भूमी आणि सातबाऱ्यावर कधीच न चढलेली शेते हीही खानदेशच्या खात्यात जमा धरावी लागतील. ती नोंद करण्याचे काम शासनाच्या दप्तराइतकेच या प्रदेशाच्या इतिहासलेखनाचेही आहे.